लो तिर्त्साख: 'ध'चा 'मा' झालाच नव्हता

आमच्या एका ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. कधी देहदंडावर वाद पेटला की येतो, कधी सीमेवर काही झाले की येतो, कधी नुसताच सकाळच्या फुलांसोबत येतो. तो असा:

"बायबलमधली सर्वांत मोठी चूक! दहा आज्ञांमध्ये 'मारू नको' अशी आज्ञा मुळात नाहीच. मूळ हिब्रू शब्द आहे 'रात्साख' आणि त्याचा अर्थ फक्त खून. ठार मारण्यासाठी हिब्रूत 'हाराग' हा वेगळा शब्द आहे. १६११ साली इंग्लंडच्या राजाच्या भाषांतरकारांना हिब्रू धड येत नव्हते, म्हणून खुनाचे मारणे झाले आणि चारशे वर्षे जग फसले. फाशी, युद्ध, स्वसंरक्षण यांना या आज्ञेची कधीच आडकाठी नव्हती. पुढे पाठवा."

म्हणजे आपल्याकडच्या 'ध'चा 'मा'सारखेच प्रकरण. 'धरावे'चे 'मारावे' झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. एका अक्षराने घात केला ही गोष्टच इतकी चटकदार असते की ती खरी आहे का हे कुणी विचारत नाही. वरच्या मजकुराचेही तेच झाले आहे. त्यात थोडे खरे आहे, म्हणून तो जास्त फसवतो. हिब्रू मी हौसेने शिकलो, कोशात बोटे घालून वाचणारा माणूस आहे. पण या एका शब्दापुरते सांगायचे तर बायबलातल्या त्याच्या सगळ्या जागा एका दुपारी पाहून होतात, आणि मी त्या पाहिल्या आहेत.

सगळ्यात आधी एक घरगुती गोष्ट. हा मजकूर इंग्रजीतून उचललेला आहे हे लगेच कळते, कारण ज्या चुकीबद्दल तो ओरडतो ती मराठी बायबलात नाहीच. घरोघरी असलेले मराठी पवित्र शास्त्र उघडा, निर्गम २०:१३ काढा. तिथे लिहिले आहे, "खून करू नको." मूळ हिब्रूत ही आज्ञा दोनच शब्दांची: 'लो तिर्त्साख'. वसईचा कॅथलिक ही आज्ञा पाचवी मोजतो, अहमदनगरचा प्रोटेस्टंट सहावी मोजतो, रायगडचे बेने इस्राएल यहुदीही सहावीच मोजतात. क्रमांकावरून मतभेद आहेत, पण मराठी वाचकाला 'मारू नको' सांगून कुणी फसवलेले नाही. दुसऱ्याच्या घरातली आग विझवायला आपल्या घरात पाणी ओतण्याचा हा प्रकार आहे.

आता राजाच्या भाषांतरकारांकडे वळू. त्यांना हिब्रू येत नव्हते, असे हा मजकूर म्हणतो. पहिल्या जेम्स राजाने नेमलेल्या विद्वानांच्या सहा मंडळ्या होत्या: दोन वेस्टमिन्स्टरला, दोन ऑक्सफर्डला, दोन केंब्रिजला. निर्गम ज्या मंडळीकडे होते तिचा प्रमुख लान्सलट अँड्रूझ हा त्या काळातला नावाजलेला बहुभाषक. बरे, हिब्रूचे ज्ञान बाजूला ठेवू. त्यांच्याच छापील पुस्तकातला पुरावा पाहू. नव्या करारातल्या मत्तयाच्या पुस्तकात येशू हीच आज्ञा दोनदा उद्धृत करतो. मत्तय ५:२१ मध्ये त्यांनी 'किल' लिहिले आणि मत्तय १९:१८ मध्ये 'मर्डर'. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच, पुस्तक एकच, मंडळीही एकच. शिवाय इंग्लंडच्या चर्चमधल्या प्रार्थनापुस्तकात १५५२ पासून प्रभुभोजनाच्या विधीत दहा आज्ञा म्हटल्या जात आणि तिथे ही आज्ञा 'मर्डर' याच शब्दाने होती. म्हणजे ही मंडळी चर्चमध्ये 'मर्डर' ऐकत होती आणि टेबलावर बसून 'किल' लिहीत होती. दोन्ही अर्थ त्यांना ठाऊक होते. 'किल' त्यांनी जाणून लिहिला.

आणि तो त्यांनी शोधलेलाही नाही. बेथलेहेमात राहून यहुदी गुरूंकडून हिब्रू शिकलेल्या जेरोमने इ. स. ४०० च्या आसपास लॅटिनमध्ये 'नोन ओच्चीदेस' केले होते, म्हणजे सरळ 'ठार मारू नकोस'. लूथरच्या जर्मनमध्ये तेच, टिंडलच्या १५३० च्या इंग्रजीत तेच. चूक असलीच तर ती १६११ ची नाही, बाराशे वर्षे आधीची आहे.

गंमत म्हणजे हा आक्षेपही तितका नवा नाही. तो इंटरनेटवर जन्मलेला नसून बाराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जन्मलेला आहे. राशी हा मोठा यहुदी भाष्यकार. त्याचा नातू श्मुएल बेन मेइर, ज्याला रशबाम म्हणतात, त्याने या आज्ञेवर टीप लिहिली. तो म्हणतो की 'रात्साख' म्हणजे विनाकारण केलेली हत्या, 'हाराग' मात्र कधी विनाकारण असते आणि कधी न्याय्य. पुढे तो लॅटिन बायबलवर बोट ठेवतो. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (३२:३९) देव म्हणतो, "मी मारतो आणि मी जिवंत करतो." तिथेही लॅटिनने तेच क्रियापद वापरले आहे जे आज्ञेत वापरले. मग देव स्वतःची आज्ञा मोडतो की काय? भाषांतरकार काटेकोर नव्हते, असा त्याचा निर्वाळा. आक्षेप अस्सल आहे, आणि तो घेणारा माणूस हिब्रूत मुरलेला होता. पण रशबामने दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवल्या. काइनने हाबेलला मारले तिथे 'हाराग' आहे, हे तो स्वतःच सांगतो. आणि नकळत मारणाऱ्यालाही 'रात्साख' हे क्रियापद लावलेले आहे, हेही तो सांगतो आणि त्याचा खुलासा करू पाहतो. फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्याचा निष्कर्ष घेतला आणि अपवाद गाळले.

त्या अपवादांतच खरी गोष्ट आहे.

"रात्साखचा अर्थ फक्त खून." हे क्रियापद हिब्रू बायबलात ४७ वेळा येते, त्यात 'मारणारा' या अर्थाचे त्याचे रूप 'रोत्सेआख' धरले आहे. या ४७ पैकी २० जागा गणना या पुस्तकाच्या एकट्या ३५व्या अध्यायात आहेत. अनुवादाच्या चौथ्या आणि एकोणिसाव्या अध्यायांतल्या पाच आणि यहोशवाच्या विसाव्या-एकविसाव्यातल्या आठ त्यात मिळवा. ३३ झाल्या. म्हणजे हा शब्द जितक्या वेळा येतो त्याच्या दोनतृतीयांशाहून जास्त वेळा तो एकाच विषयात येतो, आणि तो विषय म्हणजे शरणपुरे.

शरणपूर हा शब्द नाशिककरांना नवा नाही. तिथला शरणपूर रोड ज्या वस्तीवरून आला ती एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी धर्मांतरितांसाठी आणि गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन लोकांसाठी वसवली होती. बायबलातली शरणपुरे सहा: यार्देन नदीच्या पलीकडे बेसेर, रामोथ आणि गोलान, अलीकडे केदेश, शखेम आणि हेब्रोन. ती होती कशासाठी? पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते. माणूस मेला की त्याच्या जवळच्या नातेवाइकाने बदला घ्यायचा. त्या नातेवाइकाला 'गोएल हदाम' म्हणत, रक्ताचा कैवारी म्हणा. आता चुकून मेलेल्या माणसाच्या रक्ताचाही कैवारी असणारच. तो काय हेतू विचारत बसणार? म्हणून ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने या सहापैकी एका नगरात पळून जायचे. तिथे गावपंचायत चौकशी करील. हेतू नव्हता असे ठरले तर मुख्य याजक मरेपर्यंत त्याने त्याच नगरात राहायचे, मग घरी जायला मोकळा.

या पळणाऱ्या माणसाला, ज्याचा हेतू नव्हता त्याला, बायबल काय म्हणते? रोत्सेआख.

अनुवाद १९ मध्ये उदाहरणच दिले आहे. दोघे शेजारी रानात लाकडे तोडायला जातात. एक जण कुऱ्हाड उगारतो, दांड्यातून पाते निसटते, दुसऱ्याला लागते, तो मरतो. आपल्याकडे शेतावर घडते तसेच. याला मराठीत कुणी खून म्हणेल का? पेपरात बातमी 'कुऱ्हाडीचे पाते लागून मृत्यू' अशी येईल. पण हिब्रू मजकूर या माणसाला रोत्सेआख म्हणतो आणि दोनच ओळींनंतर सांगतो की तो मृत्युदंडाला पात्र नाही. 'रात्साख'चा अर्थ फक्त खून असता तर हे वाक्य 'हा खुनी आहे पण याने खून केलेला नाही' असे झाले असते. अनुवाद ४:४२ तर क्रियापदालाच 'नकळत' हा शब्द जोडते. खून नकळत होत नाही. निदान मराठीत तरी नाही.

आपल्या कायद्याशी ताडून पाहिले तर हे चटकन कळते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्यात कलम १०० सदोष मनुष्यवधाचे, १०१ खुनाचे, १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचे. जुन्या ३०२ ची जागा आता १०३ ने घेतली, तरी तोंडातून अजून 'तीनशेदोन'च येते. गणना ३५ मध्ये हे सगळे भेद आहेत. लोखंडी हत्याराने मारले, हातात मावेल अशा दगडाने मारले, द्वेषाने ढकलले, दबा धरून फेकले, वैर नसताना ढकलले, न पाहता दगड पडला. हेतू, हत्यार, पूर्ववैमनस्य, सगळे तपासले आहे. फक्त हे भेद 'रात्साख' हा शब्द करत नाही. शब्द सगळ्यांना एकच, आणि निवाडा आजूबाजूच्या वाक्यांतून होतो. १६११ च्या त्या 'अडाणी' भाषांतरकारांनी याच अध्यायात रोत्सेआखला एकीकडे 'स्लेयर' केले आणि दुसरीकडे 'मर्डरर'. त्यांना फरक कळत नव्हता हे म्हणणे इथे पुरतेच कोसळते.

मराठी भाषांतरकाराचीही इथेच पंचाईत होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खे बायबल मराठीत आणले, १९२२ साली त्या गेल्या आणि ते पूर्ण छापून निघाले १९२४ मध्ये. त्याच्याही कितीतरी आधी, १८३२ मध्ये, जॉन विल्सन यांनी बेने इस्राएल मुलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले होते. हिब्रूकडे थेट जाण्याची वाट मराठीत जुनी आहे. पण ती वाट धरणाऱ्या प्रत्येकाला गणना ३५ मध्ये थांबावेच लागते, कारण आज्ञेत जो शब्द 'खून' होतो तोच इथे 'खून' ठेवला तर अध्यायाचा अर्थच जातो.

आता याच अध्यायातले ३०वे वचन. साक्षीदारांच्या साक्षीवरून दोषी ठरलेल्या रोत्सेआखला मारावे, असे तिथे म्हटले आहे. हे 'मारावे' म्हणजे दंड म्हणून, कायद्याने, शिक्षा म्हणून. आणि क्रियापद? 'यिर्त्साख'. तेच. सत्तावीसाव्या वचनातही तसेच: मारणारा शरणपुराच्या हद्दीबाहेर सापडला आणि रक्ताच्या कैवाऱ्याने त्याचा 'रात्साख' केला, तर कैवाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. शिक्षा म्हणून दिलेल्या मृत्यूसाठी हा शब्द नेहमी येत नाही, हे मी मान्य करतो. नेहमीचा शब्द 'हेमीत' आहे. पण 'कधीच नाही' आणि 'सहसा नाही' यांत अंतर आहे. एकच अध्याय या दाव्याला दोनदा खोटे पाडतो.

"ठार मारण्यासाठी हाराग हा वेगळा शब्द आहे." शब्द आहे, दीडशेहून जास्त वेळा येतो. पण या मजकुरातून असे वाटते की 'हाराग' निष्पाप आणि 'रात्साख' गुन्हेगार. बायबलातला पहिला खून कोणता? काइनाने हाबेलचा केला तो. उत्पत्ति ४:८. क्रियापद 'हाराग'. एसाव मनात म्हणतो, बाप गेला की याकोबाला मारीन: हाराग. योसेफाचे भाऊ कट करतात, याला मारून खड्ड्यात टाकू: हाराग. ईजबेल राणी संदेष्ट्यांची कत्तल करते: हाराग. निर्गम २१:१४ मध्ये कपटाने, ठरवून शेजाऱ्याला मारणाऱ्याला वेदीपाशी आश्रय घेतला तरी ओढून काढा असे सांगितले आहे, तिथेही हाराग. आणि स्तोत्र ७८ मध्ये देव गारांनी द्राक्षवेलींचा नाश करतो तिथेही हाराग. हा ऐसपैस शब्द आहे, आपल्या 'मारणे'सारखा. माणूस मारतात, डास मारतात, पिकाला गारपीट मारते.

दोन राजांची तुलना करून बघा, मला तर ती सगळ्यात बोलकी वाटते. दावीदाला उरियाची बायको हवी होती. त्याने उरियाला लढाईच्या तोंडावर उभे करवले आणि शत्रूच्या तलवारीने मरू दिले. अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याची राणी ईजबेल हिने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला देवनिंदेच्या आरोपावरून दगडमार करवला. दोन्ही राजांचे हात कोरडे. दोघांकडेही संदेष्टा जातो. नाथान दावीदाला म्हणतो, तू त्याला मारलेस: हाराग. एलीया अहाबाला म्हणतो, तू मारलेस आणि वर वतनही बळकावलेस: रात्साख. गुन्हा सारखाच, शब्द दोन. मजकुराचा नियम खरा मानला तर दावीद सुटतो. नाथान काही त्याला सोडत नाही.

मग हा चोख भेद लोकांच्या डोक्यात आला कुठून? काही अंशी आजच्या हिब्रूतून. इस्राएलच्या फौजदारी कायद्यात अनेक दशके 'रेत्साख' म्हणजे खून आणि 'हारिगा' म्हणजे सदोष मनुष्यवध अशी विभागणी होती. तेल अवीवच्या माणसाला तोच अर्थ सहज सुचणार. पण आजचा अर्थ अडीच-तीन हजार वर्षांमागे नेता येत नाही. हिंदीतल्या 'शिक्षा मंत्री'ला मराठी माणूस शिक्षा ठोठावणारा मंत्री समजला तर जे होईल तेच इथे होते. शब्द तोच, घर बदलले.

आणि 'खून' हा आपला शब्द तरी काय आहे? फारसीत त्याचा अर्थ रक्त. हिंदीत अजूनही रक्तदानाला 'खून' देतात. मराठीत येता येता रक्त सांडण्यावरून तो सांडणाऱ्याच्या गुन्ह्यावर आला. हिब्रूतही अगदी हीच चाल आहे. 'दाम' म्हणजे रक्त, आणि 'त्याच्यावर रक्त आहे' म्हणजे तो हत्येचा दोषी आहे.

हा रक्ताचा हिशेब कळला की मजकुरातल्या शेवटच्या दाव्याचेही उत्तर मिळते: फाशी, युद्ध, स्वसंरक्षण. स्वसंरक्षणाचा निकाल बायबल 'रात्साख'च्या अर्थावर लावतच नाही. निर्गम २२ च्या सुरुवातीला घरफोड्याचे उदाहरण आहे. रात्री भिंत फोडताना चोर सापडला आणि माराने मेला, तर घरमालकावर रक्त नाही. सूर्य उगवल्यावर तसे झाले, तर आहे. अंधारात समोरचा काय करील ते कळत नाही, उजेडात कळते. किती बारीक विचार. आणि यात 'रात्साख' शब्द एकदाही नाही. युद्धाचे नियम वेगळे, अनुवाद २० मध्ये. मृत्युदंडाचे वेगळे, निर्गम २१ पासून. हे सगळे प्रश्न त्या त्या ठिकाणी, तपशिलाने सोडवलेले आहेत. दोन शब्दांच्या आज्ञेतल्या एका क्रियापदाचा अर्थ खेचून त्यांची उत्तरे काढणे म्हणजे सातबारा न पाहता आडनावावरून जमिनीचा मालक ठरवणे.

शिवाय नाबोथाकडे पुन्हा पाहा. त्याला कुणी अंधारात गाठून मारले नाही. उपास जाहीर झाला, सभा भरली, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे राहिले, आरोप झाला, गावाबाहेर नेऊन शिक्षा झाली. कागदोपत्री सगळे कायदेशीर. एलीया त्यालाच 'रात्साख' म्हणतो. 'सरकारने मारले म्हणजे हा शब्द लागत नाही' असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी १ राजे २१ आधी वाचावे.

आणि ज्यांनी हा शब्द शतकानुशतके 'खून' असाच वाचला ते तरी फाशीसाठी उतावळे होते का? इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, मक्कोथ या भागात, एक चर्चा आहे. सात वर्षांत एकाला मृत्युदंड देणारे न्यायमंडळ विध्वंसक म्हणावे. एलाझार बेन अझऱ्या म्हणतो, सत्तर वर्षांत एकाला दिला तरी. तार्फोन आणि अकीवा म्हणतात, आम्ही त्या मंडळात असतो तर कुणालाच कधी मृत्युदंड झाला नसता. यावर शिमोन बेन गमलीएल फटकारतो: मग तुम्ही इस्राएलात रक्त सांडणारे वाढवले असते. वाद रंगलेला आहे, दोन्ही बाजू तोलामोलाच्या आहेत. पण 'रात्साखचा अर्थ खून, सबब फाशी योग्य' असे एकही जण म्हणत नाही. ती पळवाट त्यांना सुचली नाही असे नाही, हिब्रू त्यांना आपल्यापेक्षा बरे येत होते.

एवढे झाल्यावर मजकुराचे जे खरे ते त्याला द्यायला हवे. युद्धात शत्रूला मारण्यासाठी 'रात्साख' येत नाही. देव कर्ता असताना येत नाही. प्राणी मारण्यासाठी कधीच येत नाही. बोकड कापायला 'शाखात' आणि 'झावाख' हे वेगळे शब्द आहेत, तेव्हा या आज्ञेवरून मांसाहार बंद करू पाहणारे दुसऱ्या टोकाचे फॉरवर्डही तितकेच पोकळ आहेत. यशया, यिर्मया, होशेय हे संदेष्टे चोरी-व्यभिचाराच्या पंगतीत हा शब्द बसवतात तेव्हा 'खून' हाच अर्थ चपखल आहे. 'मारू नको' हे भाषांतर फार सैल आहे, यात शंका नाही. पण 'फक्त खून' हे तितकेच फार आवळलेले आहे. शब्द या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो: आपल्यातल्या माणसाचा जीव आपल्या हातून जाणे, ज्याच्या रक्ताचा कुणीतरी जाब विचारणार आहे. हेतू होता की नव्हता हा प्रश्न त्यानंतरचा.

मराठीत याला शब्द आहे का? आपल्याकडे मारण्याच्या शब्दांची वाण नाही, पण प्रत्येक शब्द निकाल खिशात घेऊनच येतो. अफझलखानाचा वध होतो, नारायणरावांचा खून होतो. गांधींच्या बाबतीत 'वध' की 'हत्या' की 'खून', यांतला कोणता शब्द तोंडून निघतो त्यावरून बोलणाऱ्याचा पक्ष कळतो. 'वध'मध्ये मारणारा बरोबर, 'खून'मध्ये चूक. 'रात्साख' असा आधीच निकाल देत नाही. त्याच्या सर्वांत जवळ मला 'हत्या' वाटतो, कारण त्यात पातक आहे आणि ते हेतूवर थांबत नाही. दशरथाने पाण्याच्या आवाजावर बाण सोडला, त्याला वाटले हत्ती आहे, मेला श्रावणबाळ. आपण दशरथाला खुनी म्हणत नाही. पण हत्या त्याच्या हातून झाली, आणि आंधळ्या आईबापांचा शाप त्याला भोगावा लागला. हिब्रू माणसाने त्याला बेधडक रोत्सेआख म्हटले असते आणि धावत शरणपूर गाठायला सांगितले असते. अडचण एवढीच की 'हत्या'त गोहत्याही बसते. मग 'मनुष्यहत्या करू नकोस' म्हणावे लागते, आणि 'लो तिर्त्साख' या दोन शब्दांतला ठोसा जातो. म्हणून मराठी बायबलातल्या 'खून करू नको'वर माझा राग नाही. ते अपुरे आहे, पण कानात बसते.

राहिली एक जागा, नीतिसूत्रे २२:१३. आळशी माणूस घराबाहेर न पडण्यासाठी सबब सांगतो की बाहेर सिंह आहे, मी रस्त्यात मारला जाईन. या 'मारला जाईन'साठी हिब्रूत 'एरात्सेआख' आहे. साऱ्या बायबलात याच एका ठिकाणी या क्रियापदामागे जनावर उभे आहे. व्याकरणवाले इथे अडखळतात, सिंह कसा रात्साख करील म्हणून. मला वाटते तो विनोद आहे. लोळत पडलेला गडी कोर्टकचेरीतला जडशीळ शब्द वापरून कांगावा करतो आहे. भाषांतरांत इथे 'ठार होईन', 'जीव जाईल' असे गुळमुळीत काहीतरी येते आणि हसू येत नाही. खरे तर 'खून' हा शब्द इथेच हवा होता: "अहो, बाहेर सिंह आहे! भर रस्त्यात माझा खून पडेल!"